ट्रेलरला गाडी पाहिजे

नाही हो काका, टायरला लाथ मारून काही कळत नसतं. ठाण्यात कळत असेल. तो गाड्या विकणारा सुगिता-सान आतून काचेतून बघतोय ना, त्याला वाटतंय हा माणूस माझ्या गाडीला मारतोय. या, बसा इकडे बाकावर. ही घ्या कॉफी, मशीनमधला कॅन आहे, गरम आहे — बाबा म्हणाले, ऋषी, चारुदत्तकाकांना काहीतरी दे, ते उरायासुहून आपल्यासाठी त्सुकुबापर्यंत आलेत. आपल्यासाठी! रविवारी, बँकेच्या बुटांत, पिकअप ट्रक निवडायला! काका, खरं सांगा, जपानात आल्यापासून तुम्ही एकदा तरी गाडी चालवलीये का? ... बघा. आणि ठाण्याची ती मोठी गाडी, ती पण गुणवंत नावाचा ड्रायव्हर चालवायचा, विभाकाकूंनीच सांगितलंय. पण बाबा म्हणतात, चारुदत्तला गाड्यांतलं कळतं. बाबांना असंच वाटतं, सगळ्यांना सगळं कळतं. दिवसभर मातीतले जंतू बघायचे — मग जंतूपेक्षा मोठं काहीही दिसलं की हुशारच वाटणार ना.

आत? आत कागद चाललेत. मला म्हणाले तू काकांजवळ थांब, शिक्के मारायला दुभाषी लागत नाही. म्हणजे आत्तापर्यंत लागत होता, आता काम झालं, चल बाहेर. बाबांचं जपानी ऐकलंय तुम्ही? कोंबिनीच्या दुकानात ‘पिशवी नको’ म्हणतात आणि माझ्याकडे बघतात, बरोबर म्हटलं का म्हणून. लॅबमध्ये सगळं इंग्लिश, घरी मराठी, आणि मधे जो अख्खा जपान देश आहे तो माझ्याकडे. डॉक्टर आला, मी. सिटी ऑफिस आलं, मी. शेजारची म्हातारी ओरडत आली की प्लॅस्टिकच्या कचऱ्याच्या दिवशी बाटल्या का टाकल्या — तिच्यापुढे वाकून वाकून कोण बोललं? मी. मी तिला सांगितलं, माझे वडील फार मोठे शास्त्रज्ञ आहेत, त्यांना रोजच्या गोष्टींतलं कळत नाही. तेव्हापासून ती बाबांना केळी आणून देते. बाबांना वाटतं, किती चांगली बाई!

बरं, तुम्ही ट्रेलर बघितला का? नाही? बघूच नका. कासामाच्या एका रिटायर मास्तरकडून घेतला, त्यानेच ओढून आणून आमच्या दारात सोडला आणि असा पळाला, वळून नाही बघितलं. बुरशीचा वास मारतो. पडद्यांवर बदकं आहेत. आत दोन माणसं झोपतात, तिसऱ्याने झोपायचं असेल तर पाय खिडकीतून बाहेर काढायचे. आणि तो ओढायला गाडी नाही! म्हणजे जगात लोक आधी गाडी घेतात, मग तिच्यामागे काय लावायचं ते बघतात. आमच्याकडे आधी डबा आला, आता त्याला इंजिन शोधतोय. आमची आहे ती केई-कार — पिवळ्या नंबरप्लेटची, चपलेच्या खोक्याएवढी. ती पुढे लावली तर उतारावर ट्रेलरच तिला घेऊन जाईल. मग काय, बाबा सुटले. ट्रेलरचं वजन किती, हुकवर भार किती, डोंगरात चढ किती, ओला रस्ता असला तर ब्रेक कुठे मारायचा — जेवताना, काका, जेवताना! वरणात बोट बुडवून टेबलावर उतार काढून दाखवतात. आमचा ट्रेलर हलका, त्यामुळे ट्रेलरचं वेगळं लायसन लागत नाही, हे तर मला इतक्यांदा सांगितलंय की जसं काय तो नियम त्यांनीच केला.

कशासाठी म्हणजे? तुम्हाला नाही सांगितलं? कॅम्पिंग म्हणाले असतील. हॅ! बाबा आणि कॅम्पिंग. मोजे ओले झाले तर सुट्टी काढतील. आईसाठी आहे ते. भूकंप झाला ना — दोन हजार अकराचा हो, तुम्ही तेव्हा ठाण्यात होता — तेव्हा आम्ही इन्स्टिट्यूटच्या बिल्डिंगमध्ये राहायचो. धाकट्या ईश्वरीच्या पाळण्यावर कपाट पडलं. ती नव्हती पाळण्यात, आईच्या कडेवर होती. पण आईने ते बघितलं ना पडताना. मग ती घरात येईचना. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडीतच झोपायचो आम्ही, मला तर मजा वाटत होती, मी मागच्या सीटवर बसून खोट्या धक्क्यांनी गाडी हलवायचो. मग आई आम्हा दोघांना घेऊन पुण्याला. ईश्वरी रुजली तिथे. मी नाही रुजलो. पुण्यातल्या शाळेत मी जपानी, इथल्या शाळेत मी इंडियन, दोन्हीकडे अर्धा-अर्धा शिकलो, बेरीज काही होत नाही. तर मला परत बाबांकडे पार्सल केलं. आणि आई — येते सुट्टीला, पाहुण्यासारखी. म्हणते, मला त्या छताखाली झोप लागत नाही. यावर बाबांचा उपाय काय? छतच नको! चाकावरचं घर! बाईला छताची भीती वाटते, तर तिला पत्र्याच्या डब्यात ठेवा. हे आमचे शास्त्रज्ञ. मिसळणाचे डबे ठेवायला त्यांनी आत फळी ठोकलीये. वाकडी. ईश्वरीच्या दप्तराला हुक. संध्याकाळी जाऊन एकटेच बसतात बदकांच्यात.

पण गाडी मिळत नाही ना! तेच तर. हसू येतंय मला, थांबा. सांगू? बाबांना सांगायचं नाही हां. दर रविवारी येतोय आम्ही इथे. पहिली गाडी होती ना, ती निळी, एकदम झकास होती. सुगिता-सान म्हणाला, एकाच मालकाने वापरलीये, काळजीने ठेवलीये. मी बाबांना काय सांगितलं — म्हटलं, मालक आतच वारला म्हणतोय. उन्हाळ्यात. दोन दिवस कळलं नाही. बाबा म्हणाले, माझा काही असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आणि पुढच्या गाडीकडे चालायला लागले! दुसरी काळी, तिला मी म्हटलं, किनाऱ्यावरची आहे, त्सुनामीच्या पाण्यात बुडून वर काढलेली. त्यानंतर त्यांनी तिला हात नाही लावला. तिसरीला मी काही बोललोच नाही. सुगिता-सान काहीतरी छानच सांगत होता, तर मी नुसता दातांतून श्वास ओढला, स्सऽऽ, असा, मान तिरकी करून — इथले लोक नाही म्हणायच्या ऐवजी करतात ना तसा. बाबा म्हणाले, कळलं, कळलं, राहू दे. आणि मला म्हणाले, शाब्बास, तू होतास म्हणून वाचलो.

अहो कशाला काय कशाला! गंमत. ... नाही, गंमत नाही. तुम्ही कोणाला सांगणार नाही ना? दिवाळीत आईचा फोन होता. मला म्हणाली, ऋषी, मी येणार नाही आता. म्हणजे सुट्टीला येईन-बिईन, पण राहायला नाही. तिने बाणेरला घर घेतलंय, तिच्या नावावर. म्हणाली, बाबांना मी सांगेन, तू बोलू नकोस. तर मी बोललो नाही. दिवाळी गेली, साकुराची फुलं आली, झडली, ती काही सांगेना. आणि हे बसलेत फळ्या ठोकत! मी म्हटलं, ठीक आहे, मग गाडीच मिळू द्यायची नाही. जोपर्यंत गाडी शोधतायत तोपर्यंत बरे असतात. गुणगुणतात सुद्धा. गाडी आली की फोन करणार, ये म्हणून — आणि मग? मग बाबांचा तो आवाज मी ऐकायचा का भिंतीपलीकडून? मला नाही जमणार असलं.

आज तर सोप्पं होतं, काका! आज काही बनवायलाच नको होतं. ही पांढरी डबल कॅब बाबांना आवडली, झोपले तिच्याखाली, हुक बघितला, उठले तर शर्टाला ग्रीस, चेहरा कसा — लहान मुलासारखा, शी. आणि सुगिता-सानने विचारलं, गाडी ठेवणार कुठे? झालं! संपलं! इथे पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय गाडी नावावर होत नाही, पोलीस येऊन टेप लावून मोजतात. इथल्या शेंबड्या पोराला माहितीये. बाबांनी वरणाने डोंगर काढले, ओल्या रस्त्याचा हिशोब केला, आणि गाडी उभी कुठे करायची ते विचारायचं राहिलं! आमच्या दारात दोन जागा, एकीत ट्रेलर, दुसरी त्या खोक्याएवढी. ही तिथे लावली तर निम्मी गाडी म्हातारीच्या कोबीत. मला फक्त खरं सांगायचं होतं. आयुष्यात एकदा खरं सांगायचं होतं आणि काम होत होतं!

आणि मी काय केलं — मी बाबांना म्हटलं, तो विचारतोय, गाडी घेऊन पहिल्यांदा कुठे जाणार? काय माहीत का. आलं तोंडात. बाबा त्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, नरिताला, विमानतळावर. आईला आणि ईश्वरीला आणायला.

मग मी सुगिता-सानकडे वळलो आणि सांगितलं, शेजारच्या आजींची रिकामी जमीन आहे, त्यांच्याशी बोलणं झालंय, काही काळजी करू नका. आणि बाबांना म्हटलं, घ्या. ही चांगली आहे.

मूर्ख आहे मी. पोलीस येतील, म्हातारी म्हणेल कसली जमीन, सगळं फिसकटेल. फिसकटू दे.

तुम्ही काय त्या कॅनकडे बघत बसलाय? मी एवढं सांगितलं, बाणेरचं घर सांगितलं, तुम्ही ‘काय सांगतोस’ पण नाही म्हणालात. एरवी ट्रेन एक मिनिट उशिरा आली तरी अरे बापरे म्हणता. ... तुम्हाला माहिती होतं. विभाकाकूंनी सांगितलं? ... मग? मग कोणी? ... बाबांनी?

बाबांनी तुम्हाला सांगितलं.

नाही, थांबा, एक मिनिट. बाबांना कसं माहिती? ... दिवाळीत? मला सांगायच्या आधी त्यांना? मग ती मला कशाला म्हणाली, मी सांगेन... आणि हे ‘नरिता’ म्हणाले ते काय? सुगिता-सानला थोडंच मराठी कळतंय, कोणाला ऐकवत होते? ... मला? उसो! खोटं. मला कशाला? मला कुठे पाहिजे होता तो भंगार ट्रेलर, मी मागितला होता का कधी? ... रविवारी म्हणजे? गाड्या बघायला म्हणून मी रविवारी तरी खोलीतून बाहेर येतो, त्यांच्याबरोबर असतो म्हणून? म्हणजे त्या तीन गाड्या — मालक वारला, त्सुनामी, ते सगळं — त्यांनी खरं मानलं होतं का नव्हतं? ... तुम्हाला नाही माहीत. मग तुम्हाला माहितीये तरी काय हो! आज का घेतायत मग? ... मी ‘घ्या’ म्हटलं म्हणून. पहिल्यांदाच म्हटलं म्हणून.

हात काढा खांद्यावरचा. काही झालेलं नाही मला.

आले बघा दारात. बोलावतायत. हो बाबा, आलो! ... सुगिता-सान फोन हातात घेऊन काहीतरी विचारतोय? तुम्हाला कळत नाहीये? ... हो. मला माहितीये तो काय विचारतोय. आजींचा नंबर मागतोय. येतो, सांगतो. सगळं सांगतो.

नाही, तुम्ही नाही यायचं काका. बसा. हे आमच्या घरातलं आहे.