तिसरं झाकण

श्रेया : थांबा, पाइप गुंडाळू नका. आधी हे ऐका. 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. समाधानी असल्यास एक दाबा.' सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आलाय हा मेसेज.

रामहरी : ताई, आमी ड्रेनेजच्या मशीनवरचे लोक. मेसेज मनपाच्या ऑफिसातून जातो.

श्रेया : तेव्हा मी काय करत होते सांगू? न्हाणीघराच्या जाळीवर पाट टाकून त्याच्यावर उभी होते. खालून गल्लीभरचं काळं पाणी वर येत होतं, आणि मी माझ्या वजनानं ते दाबून धरत होते. एक दाबा म्हणे!

अण्णा : श्रेया, त्याच्यावर कशाला आवाज चढवतेस? हुकमाचा ताबेदार माणूस आहे तो.

श्रेया : मग कोणावर चढवू, अण्णा? साहेब फोन उचलत नाहीत. जूनपासून सोळा तक्रारी केल्या, सोळाच्या सोळा 'निराकरण'. आणि पुरावा म्हणून हा फोटो. बघा रामहरीभाऊ, झाकण उघडून साफ केलेलं, मागं पिवळी भिंत, बाजूला लिंबाचं झाड. आमच्या गल्लीत एक पिवळी भिंत दाखवा मला.

रामहरी : ही भिंत वळखीची हाय. पल्याडच्या वार्डातली शाळा.

श्रेया : ऐकलंत ना अण्णा?

रामहरी : एकच फोटो लई ठिकाणी चालतो, ताई. झाकण झाकणासारखंच दिसतं.

श्रेया : तुम्ही हसताय.

रामहरी : हसत नाय, माझं तोंडच असं हाय. आता माझं ऐका. मशीन दुसऱ्या झाकणातून सोडलं. पाइप साठ-सत्तर फूट गेला न् अडला. तिथून पुढं काय जात नाय. म्हंजी तिसऱ्या झाकणात गाळ गच्च बसलाय. ते उघडलं तर अर्ध्या घंट्याचं काम. पण तिसरं झाकण हाय कुठं?

श्रेया : हे तुम्ही मला विचारताय?

रामहरी : मग कुणाला इचारू? नकाशा ऑफिसात नाय. ज्या जुन्या मुकादमाच्या डोक्यात होता तो गेला रिटायर होऊन. रस्ता दोनदा सिमेंटचा झाला. तवाच गाडलं असंल.

श्रेया : रस्ता करताना झाकणं वर उचलून घ्यायची असतात ना?

रामहरी : असत्यात की. कागदावर घेतली असतीलच.

अण्णा : लाइनच जुनी आहे. मी इथं प्लॉट घेतला तेव्हाची. नऊ इंची चिनीमातीचा पाइप, तेव्हा घरं होती बावीस.

श्रेया : आणि आता वरच्या अंगाला चार-चार मजले उभे राहिलेत. गच्चीचं पावसाचं पाणीसुद्धा सगळ्यांनी ड्रेनेजलाच जोडलंय. तासभर पाऊस पडला की त्यांच्या गच्च्या कोरड्या आणि आमची न्हाणी भरलेली. आम्ही उताराला राहतो हा आमचा गुन्हा! मी त्या प्रत्येक घरी गेले, सह्यांसाठी. एक बाई मला म्हणाली, 'आमच्याकडे काही प्रॉब्लेम नाही.' अहो, तुमचा प्रॉब्लेम माझ्या स्वयंपाकघरात आलाय!

अण्णा : हळू बोल. सृष्टी उठेल.

श्रेया : उठू दे. उठली तरी तिला खाली सोडता येतंय का? चौदा महिन्यांची पोर, दोन दिवस पलंगावर कोंडून ठेवलीय. फरशी चार वेळा फिनाइलनं पुसली, तरी पाय टेकवू द्यायची हिंमत होत नाही. पडते, हात टेकते आणि तीच बोटं तोंडात.

रामहरी : हौदात गेलं का पाणी?

श्रेया : गेलं. सकाळी हौदाचं झाकण उचललं आणि वासानं मागं सरले. भरलेला हौद होता. नळाला पाणी यायला अजून चार दिवस आहेत. उस्मानपुऱ्यातून जार आणलेत, त्यातलंच पाणी उकळून तिला देतेय. आणि भांडी कशानं घासायची? तिचे कपडे कशात धुवायचे?

रामहरी : हौद रिकामा करा, चुना मारा. पण लाइन मोकळी झाल्याबिगर करू नका, वाया जाईल. सरका जरा, पावलं मोजतो.

श्रेया : कसली पावलं?

रामहरी : जुन्या लोकांची रीत होती, दर तीस पावलावर झाकण. पयलं त्या वळणावर, दुसरं दवाखान्याच्या पाटीखाली. तिथून तीस मोजायची न् पहारीनं ठोकत यायचं. भरीव हाय का पोकळ, कानाला कळतं. कलिंगड कसं बघतो आपण, तसं.

अण्णा : पलीकडच्या बाजूनं बघ आधी. लाइन त्या अंगाला आहे.

रामहरी : नाय काका, मशीनचा पाइप ह्याच अंगाला सरळ गेलाय.

अण्णा : मी चाळीस वर्षं राहतोय इथं.

श्रेया : बघू द्या ना अण्णा त्यांना. पुन्हा पाऊस येईल. दौलताबादकडं बघा कसं काळं झालंय.

रामहरी : चोवीस… पंचवीस… सव्वीस. ताई, ती स्कूटी काढा. सत्तावीस, अठ्ठावीस… आता पुढं तर तुमचा ओटा आला.

अण्णा : तुझी पावलं लांब पडतात.

रामहरी : पंचवीस वर्सं हीच पावलं हायेत, काका.

(रामहरी ओट्याच्या फरशीवर पहार आपटतो. दोनदा भरीव आवाज येतो. तिसऱ्यांदा पोकळ.)

श्रेया : अण्णा?

अण्णा : फरशीखाली भराव बसला असेल. म्हणून वाजतंय.

श्रेया : अण्णा, माझ्याकडं बघा.

अण्णा : काय बघू? हो, आहे. तिथंच आहे. झालं?

श्रेया : तुम्हाला माहीत होतं. मी सोळा तक्रारी लिहिल्या, तुम्ही शेजारी बसून मला शब्द सांगत होतात. 'निकृष्ट देखभाल' हा शब्द तुमचा आहे, अण्णा!

अण्णा : देखभाल निकृष्ट नाही का? त्या झाकणातून फेस यायचा, त्यासाठी मी तीन दरखास्ती दिल्या. तहसील कचेरीत जिंदगी घातलीय मी, पोचपावतीशिवाय कागद देत नाही. तीन पावत्या आहेत कपाटात. आला का कोणी? सात महिन्यांत एक माणूस नाही आला.

श्रेया : म्हणून वर ओटा बांधायचा?

अण्णा : मला सांगितलं कोणी? आठव जरा. सृष्टीचं बारसं पंधरा दिवसांवर आलं होतं. तू माहेरी. फोन केलास मला. 'अण्णा, माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी येणार आहेत, पुण्याहून येणार आहेत, त्या दारातल्या झाकणाचं काहीतरी करा हो.'

श्रेया : काहीतरी करा म्हणाले. पुरून टाका नाही म्हणाले.

अण्णा : मग काय करणार होतो मी? उतरून उपसणार होतो? मिस्त्री बोलावला. तो म्हणाला, ओटा दोन फूट पुढं घेऊ, वास बंद, वर बसायला जागा. तू आलीस, बघितलंस. एकदा तरी विचारलंस, ते झाकण कुठं गेलं म्हणून?

श्रेया : …नाही.

अण्णा : 'ओटा छान झाला हो अण्णा' म्हणालीस.

श्रेया : म्हणाले. सगळ्या जणींचा फोटोही ह्याच ओट्यावर काढला. पाळण्याची फुलं इथंच ठेवली होती. एकदासुद्धा माझ्या मनात आलं नाही की ती घाण गेली कुठं. वास येत नव्हता, बस्स.

रामहरी : ताई, लई मनाला लावून घेऊ नका. निम्म्या वार्डाची झाकणं अशीच हायेत. कुणाच्या जिन्याखाली, कुणाच्या दुकानाच्या पायरीखाली. घर आतून चकाचक दिसलं म्हंजी झालं.

श्रेया : आणि तुमच्या ऑफिसला हे माहीत आहे?

रामहरी : माहीत हाय. ओटा पाडायला गेलं की नगरसेवकाचा फोन येतो. मग फोटो लावत्यात, पिवळ्या भिंतीचा.

श्रेया : म्हणजे मी ओटा पुढं घ्यायचा, ऑफिसनं डोळे मिटायचे, आणि सगळ्यांनी मिळून समाधानी असल्यास एक दाबायचं. फोडा. घण आहे ना गाडीत?

अण्णा : थांब. फोडायची काही गरज नाही. रामहरी, दुसऱ्या झाकणातून तू खाली उतर. बांबूनं ढोसलंस की गाळ पुढं सरकेल. दहा मिनिटांचं काम. मागच्या साली त्या पलीकडच्या गल्लीत केलंच होतंस की.

रामहरी : केलं होतं.

श्रेया : त्याला बंदी आहे, अण्णा. माणूस उतरवायला कायद्यानं बंदी आहे.

अण्णा : सगळ्या गल्लीसमोर आपलीच बेइज्जती करून घ्यायला कायदा नाही सांगत. दारोदार सह्या मागत फिरलीस तू. ग्रुपवर काय काय लिहिलंस! 'ज्यांनी झाकणं बुजवली त्यांच्यावर गुन्हे दाखल करा.' कोणावर दाखल करणार आता? संध्याकाळी माझा गोकुळ कंपनीतून घरी आला की नवऱ्याला कोणत्या तोंडानं सांगणार?

श्रेया : रामहरीभाऊ…

रामहरी : बोला.

श्रेया : उतरलात तर खरंच दहा मिनिटं लागतील?

रामहरी : गाळ किती हाय त्यावर. आज छातीला लागंल.

श्रेया : आत गॅस असतो ना?

रामहरी : असतो. पूर्वी कंदील सोडायचे आत. विझला की उतरायचं नाय. आता कंदील कुठं? मोबाइलची बॅटरी लावतो. ती काय विझत नाय. उतरू का? आभाळ आलंय ताई. हो का नाय ते लवकर सांगा.

श्रेया : नाही. माफ करा. मी असं विचारलं कसं, तेच कळत नाही मला. नाही, कोणी उतरायचं नाही.

अण्णा : फोन वाजतोय तुझा.

श्रेया : दीपमालाचा आहे.

अण्णा : घेऊ नको. नाहीतर घे आणि म्हण, काम चालू आहे. एवढंच म्हण. बाकी आपण घरात बसून ठरवू.

श्रेया : तिचा सम्यक तीन दिवसांपासून दवाखान्यात आहे, अण्णा. भिंतीला भिंत लागून घर आहे. त्यांचा हौद आपल्या हौदाच्या शेजारी आहे. …हॅलो, दीपमाला? स्पीकरवर टाकते, हात ओले आहेत.

दीपमाला : आले का गं ते मशीनवाले?

श्रेया : आलेत. सम्यक कसा आहे?

दीपमाला : सलाईन चालू आहे अजून. उलट्या थांबल्यात, जुलाब नाही थांबले. डॉक्टर मलाच ओरडले. घरात पाणी कुठलं पितो, शिकलेल्या आहात ना म्हणे. मी उकळत होते गं. देवाशपथ उकळत होते. पण दात घासताना घोट घेतला असेल त्यानं. त्या घोटावर मी कशी लक्ष ठेवू?

श्रेया : तुझी काही चूक नाही.

दीपमाला : झाकण सापडलं का?

अण्णा : श्रेया.

श्रेया : सापडलं.

दीपमाला : कोणाच्या दारात? नाव सांग फक्त. मी इथून सुटले की आधी त्याच्या दारात जाऊन बसते पोराला घेऊन. वरच्या बिल्डिंगवाल्यांचं आहे ना? मी म्हटलंच होतं तुला.

श्रेया : आमच्या ओट्याखाली आहे.

दीपमाला : काय?

श्रेया : आमच्या ओट्याखाली. सृष्टीच्या बारशाच्या आधी बुजवलं. मीच सांगितलं होतं अण्णांना, वास येतो म्हणून, काहीतरी करा म्हणून. त्यांनी केलं, आणि मी पुढं काही विचारलं नाही.

दीपमाला : तू माझ्याबरोबर फिरलीस घरोघर. माझ्या पेनानं पहिली सही तू केलीस.

श्रेया : हो.

दीपमाला : त्या दिवशी रिक्षात सम्यकला मांडीवर घेऊन तू बसली होतीस दवाखान्यापर्यंत.

श्रेया : हो. मला आत्ता कळलं, दहा मिनिटांपूर्वी. पण ते मी सुटका म्हणून सांगत नाही. तू म्हणशील ते लिहून देते. ग्रुपवर मीच टाकते, नावासकट.

दीपमाला : मला आत्ता तुझ्याशी बोलता येणार नाही, श्रेया.

श्रेया : नको बोलूस.

रामहरी : ताई, मालकानं हो म्हणावं लागतं. उद्या कुणी म्हणंल, रामहरीनं ओटा पाडला. घण उचलू का?

श्रेया : मी म्हणतेय ना, फोडा.

रामहरी : घर काकांच्या नावावर हाय.

श्रेया : अण्णा, तुम्ही नाही म्हणालात तर मी घण उचलते. मला येत नाही, दिवसभर लागेल, पण उचलते. गल्ली बघेल. तुम्ही खुर्ची टाकून बसा.

अण्णा : त्या डाव्या कोपऱ्यातून सुरू कर, रामहरी. तिथं मिस्त्रीनं माल कमी घातलाय. आणि हौदाच्या अंगाला मारू नको, भिंत तडकेल.

रामहरी : बाजूला व्हा. चिपा उडत्यात.

दीपमाला : श्रेया.

श्रेया : अगं, तू फोन ठेवला नाहीस?

दीपमाला : कसला आवाज येतोय?

श्रेया : ओटा फोडतायत.

दीपमाला : फोन तिकडं धर. ऐकू दे मला.