रुमाल माझाच होता

आमचं घराणं पेणच्या खाडीकाठचं, मिठागरावर राबणारं. बापाच्या टाचा मिठानं कायम चिरलेल्या, ते बघून मी एस.टी.त चिकटलो, कंडक्टर म्हणून, आणि पेण-रोहा रस्त्यावरच माझी नोकरी सरली. बायको निडी गावची, सुमन तिचं नाव. आता आम्ही रोह्याला लागून अष्टमी गाव हाय, तिथं राहतो. काय सांगू तुम्हाला, लोक मला अजून कंडक्टरच म्हणतात, आणि त्याचा मला जरा जास्तच ताठा, तिथंच बिनसलं. तुम्ही लिहून घेताय तर हे नीट लिहा, कारण या गावात ते उलटं पसरलंय आणि पसरवलंय मीच.

आमची लेक मनीषा इंग्लंडात. तिनं बोलावलं तेव्हा सुमनला काळजी पडली, गुडघ्याची नाय, बोलण्याची. लेक-जावई कामाला, म्हणजे नातीला शाळेतून आणायला बसनं जायचं, काठी टेकत, आणि तिथं बोलायचं काय? आमच्याकडे शिंदेबाई हायत, निवृत्त शिक्षिका, ज्यांची पोरं परदेशात अशा म्हाताऱ्यांना वाचनालयात इंग्रजी शिकवतात. सुमन जायला लागली. मला म्हणाली, तुम्हीपण चला. मी म्हटलं, मला बसमधलं कोण काय शिकवणार गो, जन्म गेला माझा बसमध्ये. ती म्हणाली, जन्म गेला खरा, पण कुणाला प्लीज म्हणालात का कधी?

मग घरात भाकऱ्या थापता थापता घोकणं सुरू. प्रायॉरिटी सीट, म्हणजे म्हाताऱ्यांची, अपंगांची, पोटुशी बाईची जागा. रॅम्प, म्हणजे चाकाची खुर्ची वर घ्यायची उतरती फळी. आफ्टर यू, म्हणजे आधी तुम्ही. मी म्हणायचो, आधी तुम्ही, आधी तुम्ही करत बसलो असतो तर गाडी रोह्याच्या स्टँडवरच मुक्कामाला राहिली असती. ती भाकरी उलटायची आणि परत म्हणायची, आफ्टर यू.

तर तिकडे गेलो. पहिल्याच दिवशी बसथांब्यावर रांग, सगळे गप उभे. बस आली आणि काय सांगू, ती बस एका बाजूनं खाली वाकली हो, बैल बसतो तशी, म्हाताऱ्यांना चढता यावं म्हणून. आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक हाय, गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकायचा, रुमाल पडला की जागा आपली, कुणी हात लावत नाय. तिथल्या खिडक्या बंद. म्हणून मी रांग सोडून आत घुसलो, पुढच्याच सीटवर रुमाल टाकला आणि सुमनला घ्यायला परत खाली उतरलो. तिला घेऊन वर येतो तर एक आंधळा गृहस्थ, हातात पांढरी काठी, सीट चाचपतोय, आणि त्याच्या हाताला माझा रुमाल लागलेला. त्यानं काहीतरी विचारलं. मी मोठ्यांदा म्हटलं, बुक्ड, बुक्ड! सगळी बस माझ्याकडे बघायला लागली.

सुमननं रुमाल उचलून माझ्या हातात दिला. त्या गृहस्थाला म्हणाली, प्लीज सिट डाउन, सॉरी फॉर माय हजबंड, आणि दांडा धरून उभी राहिली. मागनं एक बाई उठली, म्हणाली, वुड यू लाइक टू सिट डाउन? आणि आमची सुमन, निडीच्या शाळेत जेमतेम शिकलेली, म्हणते, थँक यू, दॅट्स व्हेरी काइंड. मी तिथं रुमालाची घडी घालत उभा.

परत आल्यावर वाचनालयात सगळ्यांनी विचारलं, कंडक्टर, तिकडच्या बसची गंमत सांगा की. आणि माझ्या तोंडून गेलं, अहो, आमच्या हिनं इंग्लंडच्या बसमध्ये रुमाल टाकला! हशा पिकला. कंडक्टरच बसमध्ये चुकला हे मला सांगवेना. सुमननं माझ्याकडे एकदाच बघितलं. तेव्हापासून बाजारात, देवळात, काय रुमालवाल्या आजी, खिडकीकडची जागा धरलीत का? लोक मायेनंच म्हणायचे, पण तिनं वर्ग सोडला. गुडघा दुखतो म्हणाली. पुढे मनीषाला दुसऱ्यांदा दिवस गेले, फोन आला, आईला पाठवा. तर ही म्हणाली, तुम्ही जा, मला नाय जमायचं, माझं हसं होतं. लेकीच्या बाळंतपणाला जायला आई नाय म्हणते, हे मी कानानं ऐकलं आणि मला जेवण गेलं नाय.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो. उभा राहिलो आणि म्हटलं, रुमाल माझा होता, टाकला मी, ओरडलो मी, आणि हिनं माझी लाज राखली. कुणी हसलं नाय. शिंदेबाई एवढंच म्हणाल्या, कंडक्टर, बसा, आज तुमचा पहिला धडा. मी घरी पोचायच्या आधी बातमी घरी पोचली होती. सुमननं चहा पुढे ठेवला, म्हणाली, साखर जास्त झालीय, प्या. पुढच्या वर्गाला ती माझ्या आधी चपला घालून दारात उभी.

आता तिकडे जायची तयारी चाललीय. परवा पेणला खरेदीला गेलो होतो, परतीची गाडी गच्च. इतकी वर्षं सुमन माझ्या गाडीत उभ्यानंच यायची, कंडक्टरच्या बायकोनं जागा मागू नये हे मीच तिला सांगितलेलं. मी सवयीनं कुणावर तरी खेकसणार, तेवढ्यात तिनं माझा हात दाबला आणि ज्येष्ठांच्या सीटवर मोबाइल बघत बसलेल्या मुलीला म्हणाली, गो पोरी, माझा गुडघा दुखतो, बसू देशील का जरा? पोरगी लाजून पटकन उठली. सुमन बसली. मी बाजूला दांडा धरून उभा.

नागोठण्याला तिनं वर बघितलं. पाय दुखतायत? म्हटलं, दुखतायत. म्हणाली, मग मागा की जागा. तोंड हाय ना.

मागितली हो. रोह्यापर्यंत बसून आलो.