भांडी घासायचा स्पंज

तैपेईत कंपनीची वार्षिक सभा आली, की भागधारकांना भेटवस्तू मिळते. ती घ्यायच्या रांगेत माझ्यापुढे दोन जावा उभ्या होत्या.

“काय गं यूए-गुई, त्या कॉम्प्युटरवाल्यांनी गेल्या साली काय दिलं होतं, आठवतंय?”

“स्पंज. भांडी घासायचा.”

“म्हणून मी त्यांचे सगळे शेअर विकून टाकले.”

“अगं बाई! जाऊबाई, त्यांचा धंदा वर्षात दुप्पट झालाय!”

“दुप्पट झालाय, तर दोन स्पंज द्यावेत.”

“मिळाला पैसा नव्या कारखान्यात घालतात ते. लोकांना तो दिसत नाही, म्हणून तर शेअर अजून स्वस्त आहे.”

“मलाही नाही दिसत. कारखाना काय ओट्यावर मांडून ठेवू? आधी थर्मास, मग छत्री, मग स्पंज. उतरती कळा लागली की हात आखडतो बघ. घराचा असो, नाहीतर कंपनीचा.”

“मग पैसे घातलेत कुठं?”

“या पंखेवाल्यांकडं. अख्खं स्टीलचं पातेलं देतायत!”

“अहो, त्यांचा अर्धा कारखाना बंद पडलाय!”

“तरी पातेलं देतायत. याला म्हणतात दानत.”

तेवढ्यात त्यांचा नंबर लागला. खिडकीतल्या मुलीनं पातेलं पुढं सरकवलं. थोरलीनं ते उलटसुलट करून पाहिलं.

“आणि झाकण?”

“झाकण पुढच्या वर्षीच्या सभेला मिळेल, मावशी.”

“ऐकलंस, यूए-गुई? पुढच्या वर्षाचासुद्धा विचार करून ठेवलाय त्यांनी!”