लुंगमरकरांनी फुगा नेला त्याबाबत

मी उर्गेन डोलकर, वय सत्तावन्न, धंदा शेती, शिवाय यंदाची गावची पाटकरी, राहणार लुंगमर, झांस्कर. ठाण्यात बोलावलं म्हणून आले आणि विचारलं म्हणून सांगते की,

आमच्या खालच्या थांगसो गावात कंपनीनं एक मोठा पांढरा फुगा दोराला बांधून आभाळात सोडला आहे. हे नव्या जातीचं नेटवर्क, त्याला टॉवर लागत नाही. दोराचा रहाट चाकांच्या गाड्यावर आहे. फुगा आल्यापासून थांगसोची माणसं जेवताना ताटात बघत नाहीत. डोंगराअलीकडं आमच्या गावात मात्र फोनचा उपयोग बॅटरी म्हणूनच होतो.

आमच्या शाळेत सात मुलं आहेत. हजेरी म्हणून मुलांचा फोटो रोज शाळेतूनच सरकारला पाठवायचा, असा नियम निघाला. शाळेत रेंज नाही, त्यामुळं सरकारच्या हिशेबी आमची मुलं शून्य. महिनाअखेर शाळा बंद आणि मुलं जिल्ह्याच्या वसतिगृहात, असा कागद आला. त्यात माझी नात कुंझेस आहे. ती अजून माझ्या कुशीत झोपते. मला हे मान्य नाही.

मी कंपनीचे इंजिनिअर दीपांकर यांच्याकडं गेले. ते म्हणाले, "अबी-ले, सध्या चाचणी चालू आहे. तुमची पाळी पुढच्या टप्प्यात." आजी म्हणायला शिकलाय, बाकी आमचं काही शिकला नाही.

मी विचारलं, "पाळी कोण ठरवतं?"

"वरून ठरतं."

"वर तर आम्हीच राहतो, बाबा."

तो हसला. मला चहा दिला. त्यात लोणी नव्हतं.

गावात पाण्याची पाळी ठरवणं हे काम माझं. ओढ्याचं पाणी एकाच्याच शेतात फार दिवस राहिलं, की दुसरा बांध फोडून ते आपल्याकडं वळवतो आणि तिथं आपलं फावडं रोवून येतो. म्हणजे कुणी नेलं ते कळतं, भांडायचं असेल तर घर सापडतं. त्याला आमच्यात कुणी चोरी म्हणत नाही. थांगसोनं फुगा अख्खा उन्हाळा वापरला होता.

म्हणून तिरंदाजीच्या जत्रेदिवशी, भर दुपारी, दोन झो बैल गाड्याला जुंपून फुगा आमच्याकडं आणला. पुढं ढोल होता. चोर ढोल वाजवत जातात का, हे साहेबांनीच सांगावं. राखणदार छांग पिऊन आडवा झाला होता, त्याच्या अंगावर मी चादर घातली. गाड्याच्या जागी माझं फावडं रोवलं. ते आपण पुरावा म्हणून जप्त केलं आहे. परत द्यावं, माझं जवाचं पाणी अडलंय.

वाटेत थांगसोचे गावप्रमुख टुंडुप भेटले. म्हणाले, "डोलकर-ले, न्या खुशाल. चार दिवस ठेवा. बायको पुन्हा माझ्याशी बोलायला लागेल."

फुगा शाळेवर आला. मास्तर नवांग छोसदुप यांनी मुलांचा फोटो काढून बटण दाबलं. फोनवर चकती फिरायला लागली. तेवढ्यात दीपांकर धापा टाकत आले आणि हातातल्या यंत्रानं फुगा खाली घ्यायला लागले. मी म्हटलं, "थांब रे जरा, फिरतंय अजून." तो म्हणाला, "अबी-ले, माझी नोकरी जाईल." फुगा खाली आला. हजेरी गेली की नाही, हे मास्तरांनाही ठाऊक नाही.

सोबत कोण होतं असं विचारल्यावरून सांगते की, मोठ्यांपैकी कुणी नव्हतं. ढोल कोण वाजवत होतं ते आठवत नाही, वारा फार होता. हवालदार म्हणाले, "मग झो काय आपले आपण चालले?" चालले. हुशार जनावर आहे.

दोर मात्र मुलांनी धरला होता. त्यांची नावं लिहून घ्यावीत. हवालदार म्हणाले, "अमा-ले, एवढ्याशा पोरांवर गुन्हा होत नाही. नावं कशाला?" म्हणूनच सांगते. लिहा. जिग्मेत, रिगझिन, दोघी बहिणी स्कर्मा आणि लाकडोल, टाकपा, लोबझांग, आणि कुंझेस, वय सहा, जी शेवटपर्यंत दोर सोडत नव्हती. हे सगळे त्या दिवशी लुंगमरच्या शाळेत हजर होते. खाली तारीख घालावी आणि ठाण्याचा शिक्का मारावा.

वरचा मजकूर मला माझ्या भाषेत वाचून दाखवला. फुग्याबाबत त्यात काही कमीजास्त झालं असेल तर माझी हरकत नाही. मुलं सात, हे बरोबर लिहिलं आहे. ते मी हवालदारांकडून दोनदा वाचून घेतलं आणि मगच अंगठा दिला.