सारामावशींच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी

बायांनो, भावांनो, पाळी सुटली तरी तुम्ही घरी न जाता कॅन्टीनमध्ये थांबलात. मला बोलता येत नाय. पण बोलल्याशिवाय राहवत नाय.

पॅकिंगच्या सारामावशी गेल्या. माझ्या डब्यातली भाकर सगळ्यांदेखत मोडून खाणाऱ्या मावशी. तुम्ही कुणी येऊ शकला नाय. नामांतराच्या दंगलीनं कर्फ्यू लागला होता. मी शेजारच्या गल्लीतली, म्हणून पोचले. तीही जीव मुठीत धरून. माझा भाऊ मोर्चाला गेलेला, दोन दिवस पत्ता नाय.

दारात त्यांची बहीण, हन्नाताई. म्हणाल्या, "कुसुम, आम्ही इस्राएली, म्हणजे ज्यू. दफनाआधी मयताला शुद्धीची आंघोळ घालतो, तहारा म्हणतात. घालायला आमच्यातल्याच बाया लागतात. मी आन् आमची म्हातारी काकू, दोघीच. पाण्याची धार तुटू द्यायची नाय. तू पाणी भरून देशील?"

मी म्हणाले, "ताई, माझी जात ठाऊक आहे ना?" आमच्या गावात, कन्नड तालुक्यात, माझ्या आईला विहिरीवर चढू देत नव्हते.

"ठाऊक आहे. बादली घे."

मला मयताचं लई भ्या. मोरीत भिंतीकडं तोंड करून पाणी भरत होते. बाहेर शिट्ट्या, पळणारी माणसं. वाटायचं, आता दारावर लाथ पडते. आत मात्र दोघी सावकाश हात चालवत होत्या. जेवढं अंग धुवायचं तेवढंच उघडं, बाकी चादरीखाली. मग धार सुरू झाली. एक भांडं संपायच्या आत दुसरं. माझ्यामुळं धार तुटली तर? पण नाय तुटली.

शेवटी हन्नाताई वाकून म्हणाल्या, "सारा, आमचा हात कुठं जड पडला असेल तर माफ कर."

मेलेल्या बाईची माफी! तेव्हा मी पहिल्यांदा मावशींच्या तोंडाकडं पाहिलं. त्यांचं भ्या वाटलं नाय. बाहेर जित्या माणसांची घरं पेटत होती, आन् इथं मेलेलीला दुखू नये म्हणून दोन बाया जपत होत्या. मरण एवढं वाईट नाय, बायांनो. माणसाला माणूस न समजणं वाईट. त्या मोरीत मला हे कळलं.

संचारबंदी सैल झाली तेवढ्या वेळात त्यांना पुरलं. भाऊ परवा आला. हात मोडलाय, पण जिता आहे. तरी मी अजून भिते. दार वाजलं की भिते. तुम्ही भीत नाय का? खरं सांगा.

चला, उभे राहा. दुसऱ्या पाळीचा भोंगा होईपर्यंत कुणी बोलू नका. ज्याला घरच्यांची धास्ती आहे, त्यानं शेजारच्याचा हात धरावा.

मावशी, माझ्याकडून जय भीम. आन् तुमच्या रीतीनं, शालोम.