देव कामाला गेल्यात

बसा मंडळी, बसा! पुढं सरका. खांबाला टेकलेले पाहुणे, तुम्हीही या — तुम्ही सोडला म्हणून खांब काही पडत नाही!

आज एकच प्रश्न विचारतो. नवं घर बांधलं. रंग झाला, सामान आलं. आता सांगा — देव कुठं ठेवायचा?

"ईशान्येला!" — आलं बघा उत्तर! अण्णा, अगदी पाठ केल्यासारखं बोललात. पण मी घराघरांत जातो, तिथं काय बघतो? आधी टीव्हीची भिंत ठरते. मग सोफा, कारण टीव्ही बसून बघायचा. मग फ्रिज, मग कपाट. सगळं लागलं की बाई म्हणते, "अहो, देव राहिले की!" मग देव कुठं? जिन्याखाली! एका बाजूला चपला, दुसऱ्या बाजूला इन्व्हर्टर! हसू नका — ज्याच्या घरी असं आहे, तोच मोठ्यानं हसतोय!

पण आपल्या कथेतला माणूस तसा नव्हता. ऐका.

माणदेशात एक मेंढपाळ होता. नाव धुळाजी. धनगराचा जन्म! दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचा, कोकणात जायचा, आणि मिरगाचा पाऊस लागायच्या आत माघारी. अशी चाळीस वर्षं! घर म्हणाल तर एक घोडी. तिच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड — भांडी, वाकळा, कोंबड्या, काल जन्मलेलं कोकरू. आणि या सगळ्याच्या आधी घोडीवर काय चढायचं? देव! बिरोबा नि खंडोबा, चांदीच्या पत्र्यावर उठवलेले बोटभर टाक. घोंगडीच्या पिशवीत घालून पुढच्या अंगाला बांधायचे. देव बांधला की मगच बाकीचं.

आता वाटेत वळवाचा पाऊस आला तर कोण भिजणार? धुळाजी भिजायचा, बायको ठकूबाई भिजायची — आणि देवही भिजायचा! हे धुळाजीच्या जिवाला फार लागायचं. पिशवी पिळायचा आणि म्हणायचा, "देवा, मला छप्पर नसलं तर नसू दे. पर तुला एक दिस कोरड्या जागंला बसवीन!"

आणि बसवला! गुडघे गेले, चालणं सुटलं, तेव्हा गावात तीन खोल्यांचं घर बांधलं. घर झालं तसे सल्लागार जमले. गुरुजी म्हणाले, "पलंग इथं लावा." सुतार म्हणाला, "शोकेस तिथं!" धुळाजी म्हणाला, "गप बसा समदी. आदी देव."

पूर्वेच्या भिंतीत पांढऱ्या फरशीचा देव्हारा केला. वर पितळेची घंटा. मग बाकीचं घर त्याच्याभोवती मांडलं. खाट अशी लावली, की डोळा उघडला की देव दिसावा. कपाट आलं. ते उघडलं की त्याचं दार देवाच्या आड यायचं! सरकवा. सरकवलं, तर खिडकी झाकली! पुन्हा सरकवा. चार गडी घामाघूम. ठकूबाई म्हणाली, "अवो, कपाटाला पाय हायती म्हनून काय रोज चालवायचं त्येला?"

पण एक गंमत बघा. नवऱ्यानं स्वयंपाकघरात तीन फळ्या मारून दिल्या, आणि ठकूबाईची भांडी मात्र दाराजवळ पोत्यात! लागेल ते काढायची, घासून परत पोत्यात. शेजारणी हसायच्या, "ठकूबाई, कुठं गावाला निघालीस?" ती हसायची नि पोत्याचं तोंड बांधायची. धुळाजी म्हणायचा, सवय आहे, जाईल हळूहळू. अहो, आपल्याला वाटतं आपली बायको आपल्याला कळते. वाटू द्या, सुखी राहाल!

वास्तुशांत झाली. देव बसले. धुळाजी दिवसभर समोर मांडी घालून बसला. देव कोरडे, डोळे मात्र ओले!

दिवाळी सरली. मेंढरं निघायचा दिवस आला. पहिल्यांदाच म्हातारा-म्हातारी मागं राहणार. मुलगा मायाप्पा आणि सून बाणाबाई, दोघंच जाणार. पहाटे घोडी अंगणात उभी. ठकूबाईनं हळूच विचारलं, "देव?"

"देव हितंच ऱ्हाईल," धुळाजी म्हणाला. "चाळीस वर्सं भिजला. आता न्हाय."

"आन पोरं?"

"पोरांस्नी रस्ता पाठ हाय."

ठकूबाई गप्प बसली. मंडळी, बोलणाऱ्या बाईला भिऊ नका. गप्प बसली की भ्या!

मुलगा गुणाचा. बापापुढं ब्र काढला नाही. घोडीवर बिऱ्हाड चढलं. पुढची जागा तेवढी रिकामी. आता तुम्हाला वाटलं असेल — घोडी अडली! पाऊल उचलेना! चमत्कार! नाही हो. घोडी निघाली. घोडीला काय, उलट वजन कमी!

पण झालं काय, ऐका. सून बाणाबाई घोडीजवळ गेली. रोजच्या सवयीनं तिचा हात पुढं गेला — देवाच्या पिशवीला लावून कपाळाला लावायला. हात गेला... आणि पिशवी नाही! हात तसाच राहिला अधांतरी. मग तिनं ती रिकामी जागाच चाचपली, हात कपाळाला लावला, पदर खोचला आणि चालू लागली. तक्रार नाही!

धुळाजीनं ते बघितलं. चाळीस वर्षांचे घाट आठवले. अंधारात वाट चुकली, लांडगा आला, मेंढरं आजारी पडली — दर वेळी हात कुठं गेला होता? त्या पिशवीवर! आणि आज पोरीचा हात रिकामा!

"थांबा!" ओरडला. ते गेलेले गुडघे घेऊन घरात पळाला. घाईत डोकं घंटेला आपटलं — टण्ण! आयुष्यातली सगळ्यात खरी पूजा त्यानं डोक्यानं केली! टाक उचलले, पिशवीत घातले, धापा टाकत आला, आणि आपल्या हातानं घोडीवर बांधले.

"भिज बाबा," देवाला म्हणाला. "आनखी भिज. पर माज्या पोरांबरूबर ऱ्हा!"

बाणाबाईनं हात लावला. आता पिशवी होती! "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" — मेंढरं निघाली.

धुळाजी घरात वळला, तर ठकूबाई पोतं सोडून भांडी फळीवर लावतेय!

"आज कसं सुचलं?"

"देव जानार नसतं, तर मी जानार हुते पोरांमागं," ती म्हणाली. "आता देव गेलं. मी हितं ऱ्हायला मोकळी."

बघा! ती सवय नव्हती हो, ती आई होती!

संध्याकाळी तिनं रिकाम्या देव्हाऱ्यात दिवा लावला. धुळाजी म्हणाला, "रिकाम्या जागंला दिवा?" ती म्हणाली, "घरातलं मानूस कामाला गेलं, तर घरात दिवा लावायचा न्हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले. चकचकीत फरशी बघितली, घंटा बघितली, दिवा बघितला. "धुळाजी, सगळं झकास! पण देव कुठं?"

धुळाजी खाटेवर ऐसपैस बसला होता. म्हणाला, "कामाला गेल्यात. मिरगाला येतील."

मंडळी, आता मी तुम्हाला विचारतो. तुमचा देव कामाला जातो का? सकाळी आंघोळ, फूल, घंटा — आणि मग कुलूप! देव घरात, आपण बाजारात. हातात तराजू आला, काटा बोटानं दाबला — देव कुठं? घरी! कचेरीत म्हातारीला चौथा हेलपाटा घालायला लावला — देव कुठं? घरी, ईशान्येला! एवढा संगमरवरी देव्हारा आपण त्याला बसायला बांधतो, की आपल्या मागं येऊ नये म्हणून? तुम्हालाच नाही हो विचारत! मलाही माझ्या घरचा देव्हारा आठवला.

उद्या सकाळी हात जोडाल, तेव्हा मागणं नको. एवढंच म्हणा — "चल देवा, कामाला जायचंय." आणि अण्णा, तुमचं उत्तर बरोबर! देव ईशान्येलाच ठेवा. फक्त बाहेरून कडी लावू नका!

उचला टाळ, आणि असं म्हणा की घाटात चाललेल्या त्या पोरीला ऐकू जावं — विठ्ठल! विठ्ठल!