मुंबई ते लंडन, किती मुक्काम?

विमानाच्या वेगाचं कौतुक मला सांगू नका. केंदूरला मास्तर होतो तेव्हाचं ऐका. मेंढरांमागं जन्म घालवलेले एक आबा शाळेत आले. त्यांचा एकुलता पोरगा लंडनला नोकरीला गेलेला, कैक वर्षांत फिरकला नव्हता.

“मास्तर, मुंबईला इमानात बसल्यावर लंडन किती मुक्काम?”

आबांची सगळी वाट मुक्कामांनी मोजलेली. मी नकाशावर दोन्ही विमानतळांमध्ये दोरा ताणला, हिशेब केला आणि हौसेनं म्हणालो, “आबा, एकसुद्धा नाही! सकाळी बसलं की रात्री जेवायला घरी.”

आबांनी दोऱ्यावरून लंडनपासून मुंबईपर्यंत बोट फिरवलं.

“लई लांब हाय म्हनून येत न्हाई, असं सांगत व्हतो गावाला. आता काय सांगू?”